मांडलेली बैठक

नायरचा पहिला फोन आला तेव्हा मी यंत्रात रक्ताच्या नळ्या लावत होतो. आमच्या दवाखान्याची प्रयोगशाळा तळघरात आहे, तिथे एरवी रेंज येत नाही. त्या दिवशी नेमकी आली. मस्कतकडचा नंबर दिसल्यावर अभिमन्यूच असणार असं धरून मी फोन खांद्याने कानाला दाबला आणि हातातलं काम चालू ठेवलं. पलीकडे एक अनोळखी माणूस होता. मल्याळी वळणाच्या हिंदीत त्याने आधी माझं नाव विचारलं, मग अभिमन्यूचा सख्खा भाऊ तूच का, हे विचारलं. इतकी खात्री करून घेणारी माणसं चांगली बातमी देत नाहीत, एवढं दवाखान्यात नोकरी करून मला कळतं.

माझा धाकटा भाऊ झोपेत गेला होता. तिकडे तो एसी दुरुस्तीची कामं करायचा. सकाळी खोलीतले सगळे उठले, हा उठला नाही. नायर त्याच्या कंपनीतला नव्हता. परमुलखात मेलेल्या माणसांना घरी पोचवण्याचं काम तो आपलं दुकान सांभाळून आपखुशीने करायचा. पोलीस, दूतावास, विमानाचा मालविभाग, सगळं मी बघतो, ह्याच आठवड्यात पाठवतो, असं तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले, नळ्या बाहेर काढल्या आणि कुणाचा तरी साखरेचा रिपोर्ट लिहून दिला. तो बरोबर लिहिला होता, मी नंतर तपासून पाहिलं.

आमचं घर जुळे सोलापूर वस्तीत आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी पोचलो तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, बाहेरच्या खोलीत सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत होती. मी तिला सांगितलं. शेंग तिच्या हातात तशीच राहिली. ती रडेल, अंग टाकेल, म्हणून मी जवळ सरकलो. तिने विचारलं, त्याला कसा आणणार? मी म्हणालो, पेटीत.

“आडवा?”

मी मान हलवली, आणि मग ती रडली.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. मान पडू नये म्हणून कपाळावरून पांढरी पट्टी घेऊन ती वर भिंतीतल्या खिळ्याला बांधतात. पूजेला बसलेल्या माणसासारखं त्याला बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. माझे अप्पा तसेच गेले. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव आहे. तिथल्या शेतात ते बसलेले आहेत. त्यांच्या शेजारी पोराला बसवायचं, ह्यापलीकडे अव्वाला आता जगाकडून काही नको होतं. मी स्वतः ह्या बाबतीत पाखंडी आहे. गळ्यात लिंग घालतो ते घरात कटकट नको म्हणून. पण तिला काय हवंय ते मला कळत होतं, आणि ते तिला मिळावं असं मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अव्वाने बैठक मांडून ठेवलेली. पूर्वेच्या भिंतीला पाट, त्यावर घोंगडी, वर घरातली सगळ्यात चांगली पांढरी चादर. स्टुलावर चढून तिने स्वतःच खिळा ठोकला होता आणि पट्टीही बांधून सोडली होती. दुपारी गावाकडून बसलिंगप्पामामा आले, अव्वाचे धाकटे भाऊ. ते दारातच थबकले.

“माणूस घरात आल्याबिगर बैठक मांडत न्हाईत, अक्का,” ते म्हणाले. “एकदा मांडली की रिकामी ठिवत न्हाईत.”

अव्वा आत गेली आणि अभिमन्यूचं इष्टलिंग घेऊन आली. विमानतळावर तपासणीत काढून घेतील ह्या भीतीने तो ते घरीच ठेवून गेला होता. त्याच्या माघारी ती आपल्या लिंगाबरोबर त्याचीही रोज पूजा करायची. इष्टलिंगाची ती चांदीची डबी तिने चादरीच्या बरोबर मध्यावर ठेवली.

“रिकामी कुटं हाय?” ती म्हणाली.

मला दोघांचाही राग आला. पोरगा तिकडे शवागारात पडलाय आणि ह्यांचं पाट-चादरीवरून चाललंय.

संध्याकाळी मामांनी मला गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि हळूच विचारलं, तो बसेल का? मी आमच्यातला शिकलेला, त्यातून दवाखान्यातला. मी खरं ते सांगितलं. इतक्या लांबून आणायचं म्हणजे शिरांतून फॉर्मालिन, म्हणजे प्रेत टिकवायचं औषध, भरतात. मग मांस ज्या स्थितीत असेल तसंच पक्कं होतं. तो आडवा असताना भरलं की गुडघे पुन्हा वाकत नाहीत. जोर केला तर मोडतील, वाकणार नाहीत. मामांनी उपरण्याचं टोक तोंडाला लावलं आणि अक्काला हे सांगू नको म्हणाले.

मी नायरला फोन करून विचारलंसुद्धा. औषध भरायच्या आधी मांडी घालून ठेवता येईल का? आमच्यात बसवतात. तो माणूस भला, हसला नाही. म्हणाला, तुमचं दुःख समजतं, पण पेटी लांबट असते आणि विमानवाले दुसरी घेत नाहीत. असं विचारणारे तुम्ही पहिलेच.

त्या आठवड्यात अभिमन्यू आला नाही. पुढच्याही नाही. तरुण माणूस झोपेत गेला म्हणून तिकडच्या पोलिसांनी कागद अडवला. तो सुटला तर सणाच्या सुट्ट्या लागल्या, त्या संपल्या तर पासपोर्ट सापडेना. मी इकडून फोन करकरून हात टेकले. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, मग ती आटली. येणारे बैठकीसमोर बसायचे, काय बोलावं ते न सुचून उन्हाळ्यावर बोलायचे आणि जायचे. एप्रिल तापत होता. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत होतं. शेजारची सून रुपाली दोन्ही वेळा भाकरी आणून द्यायची. आम्हाला धड रडता येत नव्हतं आणि धड जगताही येत नव्हतं. कधी कधी मला वाटायचं, तो आता येणारच नाही, आणि मी म्हातारा होईपर्यंत आम्ही दोघं त्या पाटासमोर बसून राहू.

अव्वाने मात्र त्या बैठकीचं सगळं रीतसर चालवलं होतं. रोज भस्म, रोज फूल. सकाळी चहाचा कप पुढ्यात. ठेवताना ती म्हणायची, “कुंद्रु, तम्मा.” म्हणजे बस, बाळा. ती आमच्याशी मराठी बोलते, पण लाडाचं बोलणं तिला अजून कानडीतच येतं.

चादर चुरगळल्याचं मला आधी दिसलं. माणूस बराच वेळ बसून उठला की कापड जसं दबतं तशी ती दबलेली असायची. मधे खोलगट, पुढे गुडघ्यांच्या जागी दोन्हीकडे ताणलेली. मला वाटलं, अव्वाच टेकत असेल. ती नाही म्हणाली. मी रोज दवाखान्यात जाताना चादर ओढून सारखी करायचो आणि परतल्यावर ती पुन्हा तशीच असायची. एकदा अव्वाला रक्तदाब तपासायला माझ्याबरोबर नेलं, घराला माझ्या हाताने कुलूप लावलं. दुपारी येऊन बघतो तर तेच. शेजारच्यांचं मांजर खिडकीतून येत असेल, असं मी ठरवून टाकलं. आमच्या खिडकीला जाळी आहे.

मग भिंतीवर डाग आला. दिवाळीला रंग दिलेली ती भिंत, आणि तिच्यावर तेलकट डोकं टेकून टेकून पडतो तसला गोल डाग. मी ओल्या फडक्याने पुसला, तो थोडा पसरला आणि राहिला. ओल धरली असेल म्हणावं तर उन्हाने आमच्या भिंतींना भेगा पडत होत्या. मी पाटावर बसून बघितलं. डाग माझ्या डोक्याच्या थोडा वर येत होता. अभिमन्यू माझ्यापेक्षा उंच.

मी लगेच उठलो. अव्वा स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. तिथं बसू नकोस, एवढंच ती म्हणाली.

आठवडाभराने डाग जरा खाली सरकला. अव्वा म्हणाली, त्याला बसून बसून अवघडलंय. त्यानंतर एका सकाळी मी ती पट्टी पाहिली. खिळ्यापासून ती सरळ खाली लोंबत नव्हती. भिंतीपासून वीतभर पुढे येऊन, तिथे वळून परत मागे गेली होती. मी बोट लावून पाहिलं. कापड ताठ होतं. अव्वा जुन्या वळणाची, कपड्यांना कांजी घालते, म्हणून कापड तसं उभं राहत असेल अशी मी माझी समजूत घातली. चहा न घेता कामावर गेलो.

नायरचा फोन आला तो दुपारी, आणि मी पहिल्यांदा खूश झालो. सगळे कागद झाले होते. औषध भरून झालं होतं. हैदराबादच्या विमानात जागाही मिळाली होती. सोलापूरला हैदराबाद जवळ पडतं. एवढं सांगून नायर घुटमळला.

“पेटी बंद होत नाही,” तो म्हणाला.

मला वाटलं पेटी आखूड असेल. तो म्हणाला, पेटी पुरेशी आहे. अभिमन्यू आडवा राहत नाही. औषध भरलं तेव्हा सरळ होता, नायरने स्वतः पाहिला होता. सकाळी शवागारातल्या माणसांनी कप्पा ओढला तर गुडघे वर आलेले. त्यांनी दाबून सरळ केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता तिथली माणसं हात लावायला तयार नव्हती.

मी त्याला सांगितलं की हे होऊ शकत नाही. औषधाचं प्रमाण चुकलं असेल. एकदा पक्कं झालेलं मांस आपोआप वाकत नसतं, हे मी रोज प्रयोगशाळेतल्या बरण्यांमध्ये बघतो. नायरने मला फोटो पाठवला.

बातमी आल्यापासून भावाला मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि आधी मला फक्त तोच दिसला. त्याची दाढी वाढली होती. गुडघे दोन्ही बाजूंना पडून मांडी घातलेली होती. मग मी फोटो मोठा करून पाहिला. त्याचं डोकं कप्प्याच्या पत्र्याला टेकलेलं नव्हतं. खाली उशी नाही, काही नाही. कपाळ कुणी वरून धरून ठेवावं तसं ते अधांतरी होतं, आणि कपाळावर आडवी, दबलेली एक रेघ होती.

मी फोटो काढून टाकला.

नायर अजून फोनवर होता. तुम्ही लोक बसवता ना, त्याने विचारलं. तुम्हीच मला सांगितलं होतं. घरी काही मांडून ठेवलंय का? असेल तर उचला. मी आजवर बरीच माणसं घरी पाठवली, शिवयोगीभाई, पण ह्याला कुणीतरी धरून ठेवलंय. उद्यापर्यंत पेटी बंद झाली नाही तर ही जागा जाईल, आणि इथले लोक आता थांबणार नाहीत. इथेच पुरून टाकतील, त्यांच्या पद्धतीने.

घरी आलो. अव्वा बैठकीसमोर वाती वळत होती. फोटोचं मी तिला सांगितलं नाही. बैठक उचलावी लागेल, त्याशिवाय तो येत नाही, एवढंच म्हणालो. असं बोलणारा मी, ह्याची मला शरम वाटली. तिने कारण विचारलं नाही.

“उठवू कसा रं त्याला?” ती म्हणाली. “आत्ता कुटं टेकलाय.”

मी चिडलो. तो इथे नाहीये, तिकडे पत्र्याच्या कप्प्यात आहे, आणि उद्या तिथल्या वाळूत आडवा पुरतील, तेच तुला पाहिजे का, असं मी तिला सुनावलं. मी गावी परतलेल्या मामांना फोन लावून तिच्या हातात दिला. मामा आले त्या दिवशी जे म्हणाले होते तेच आताही म्हणाले. रिकामी करता येत नाही. कुणीतरी बसलेलं असायला हवं.

अव्वाने फोन ठेवला. उरलेल्या वाती वळल्या, हात धुतले आणि कपाळाला भस्म लावलं. मग पाटापाशी जाऊन तिने अभिमन्यूचं इष्टलिंग अलगद उचलून आपल्या डाव्या तळहातावर घेतलं.

“येवढा परवास हाय त्याला,” ती म्हणाली. “आडवा होऊ दे. तवर मी बसते.”

ती बसली. मांडी घातली, पाठ भिंतीला लावली. पट्टी बांध म्हणाली. मला वाटलं, म्हातारीचं मन राखावं, तासाभराने पाय दुखले की उठेल. पट्टी हातात घेतली तेव्हा ती ताणलेली होती. मी तिच्या कपाळावरून घेऊन गाठ मारली. अव्वाने डोळे मिटले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “एळु, तम्मा. मलगु.” ऊठ बाळा, आडवा हो.

खोलीत काहीही झालं नाही. फक्त अव्वाने, जड घागर डोक्यावर घेतल्यावर निघतो तसा, एक श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नायरचा फोन आला. पेटी बंद झाली. अभिमन्यू सरळ होता, काहीच त्रास झाला नाही. नायर रडत होता. त्याने त्याच्या देवाचं नाव घेतलं आणि मीही घेतलं, कुणाचं ते मला माहीत नाही.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन अव्वाला सांगितलं, निघाला. आता ऊठ. ती हसली. बरी बसलेय म्हणाली. रात्रभर ती तशीच होती. मी हाताला धरायला गेलो तर तो येईपर्यंत राहू दे म्हणाली. मला रुग्णवाहिका ठरवायची होती, गावाकडे खड्डा घ्यायला सांगायचं होतं. मी तिचा नाद सोडला. निघताना रुपाली मला दारात म्हणाली, “काकू उठतच न्हाईत ओ. घोटभर पाणी पाजलं तर तसंच हनुवटीवरनं खाली आलं.” उपास धरला असेल म्हणून मी तिला थोडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि गावाकडून आलेल्या मामांबरोबर हैदराबादला निघालो.

पेटी मिळायला फार वेळ लागला नाही. परतताना आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा. पेटीवर इंग्रजीत त्याचं नाव लिहिलं होतं. नळदुर्ग मागे पडल्यावर मामांनी पुन्हा विचारलं, वाकणार नाही ना? मी नाही म्हणालो. खड्डा बसण्यापुरताच घेतलाय, तो लांब करावा लागेल, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. अव्वाला काय सांगायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं. एवढं करून पोरगा आडवाच मातीत जाणार होता. मला इतकं हरल्यासारखं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

भर दुपारी पेटी घरात आणली. गल्ली भरली होती. विधीसाठी स्वामी आले होते. औषधाचा वास डोळ्यांना झोंबतो म्हणून मी सगळ्यांना तोंडावर रुमाल बांधायला सांगितलं आणि झाकण काढलं.

वास आला नाही.

मी वाकून हुंगलं. काहीच नाही. फक्त घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास, दुपारी झोपलेल्या माणसाचा. मी त्याचा हात धरला. तो कोपरात वाकला. मी गुडघ्याखाली हात घातला आणि त्याचा पाय झोपलेल्या मुलाचा उचलावा तसा वर आला. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. पुण्यवान जीव, स्वामी म्हणाले, आणि बाया मोठ्याने रडू लागल्या. त्या सगळ्यांना तो चमत्कार वाटला आणि आवडला. मी मात्र पुन्हा वाकून हुंगलं.

आता त्याला बैठकीवर घ्यायचं होतं. अव्वाला उठायला सांगितलं.

ती उठली नाही.

मी पट्टी सोडली. दोघी बायांनी तिच्या काखेत हात घालून तिला उचललं. ती उचलली गेली, पण मांडी सुटली नाही. पाटावरचा देव उचलावा तशी ती जशीच्या तशी वर आली, डावा तळहात पुढे केलेला. पाय भरून आलेत, म्हातारं माणूस, दोन दिवसांचा उपास, असं बाया एकमेकींना म्हणाल्या आणि त्यांनी तिला शेजारच्या भिंतीला ठेवलं. अभिमन्यूचं इष्टलिंग तिच्या तळहातावरून घेऊन आम्ही त्याच्या तळहातावर ठेवलं. तिची बोटं पसरलेलीच राहिली.

मी तिच्या केसांपाशी वाकलो. तिथे तो औषधाचा वास होता.

“बसला का नीट?” तिने विचारलं.

मी म्हणालो, बसला.

तिने खरंच समाधानाने त्याच्याकडे पाहिलं. मला आयुष्यात तिचा एवढा सुखी चेहरा आठवत नाही. गावाला येतेस का म्हणून विचारलं तर म्हणाली, मला आता हलवू नका. रुपालीला तिच्यापाशी ठेवून आम्ही निघालो. दिवस मावळायच्या आत अप्पांच्या शेजारी अभिमन्यूला बसवलं. तो छान बसला. भस्म, बेलाची पानं, मग माती. मामा मला मिठी मारून रडले, आणि मीही रडलो, पण मी कुणासाठी रडत होतो हे त्यांना सांगता आलं नाही.

घरी आलो तेव्हा बायांनी बैठक उचलून फरशी धुतली होती. अव्वा तिच्या भिंतीला होती. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्यासाठी घरी आले. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, सांध्यांवर हातोडी मारून पाहिली, धक्का बसलाय म्हणाले. रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुन्हा पुन्हा गुंडाळला आणि शेवटी पट्टा खराब झालाय म्हणून बॅगेत टाकला. सकाळी रक्त घेऊन ठेव, तपासू, असं सांगून ते निघाले. चहाला थांबले नाहीत.

सकाळी मी सुई आणि नळी घेऊन तिच्यासमोर बसलो. दंडाला रबर बांधलं. शीर वर आली नाही. हे काम मी झोपेतही करू शकतो, म्हणून अंदाजाने सुई घातली. कातडी जाड झाल्यासारखी वाटली. अव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती.

नळीत आलं ते लाल नव्हतं.

ते पाण्यासारखं होतं. बूच लावायच्या आधीच डोळ्यांना झोंबलं. नळी माझ्या हातून सुटली, सुई तिच्या हातात तशीच हलत राहिली, आणि ते तिने पाहिलं.

“तुला लागलं का रं?” तिने विचारलं.